आगाऊ निरोप

पहाटे 3.45

गाडी रात्रीच भरून ठेवलेली असते. पंचाहत्तर कॅरेट, प्रत्येकात वीस किलो, म्हणजे दीड टन केसर. पेठच्या आसपासच्या पाड्यांवरचा हा माल आमचा शेतकरी गट एकत्र करतो. मी गटाचा हिशेब बघते, आणि मेच्या शेवटापासून मिरगाच्या पावसापर्यंत मालाबरोबर बऱ्याचदा मीच जाते. गाडी माझ्या दिराची. तो ताडपत्रीचे दोर पुन्हा एकदा ओढून बघतो, मी वही आणि पावतीपुस्तक घेऊन पुढे बसते.

निघण्याआधी फोनवरचा निरोप वाचते. नानापोंढ्याच्या दलालभाईंनी तो रात्री साडेदहाला पाठवलेला असतो: राजापुरी उतरली, केसर टिकून आहे, मोठं फळ वेगळ्या कॅरेटात ठेवा, सातच्या आत पोचा. एवढ्या चार ओळींवर आमची गाडी कुठे वळणार ते ठरतं. पेठला दोन बाजार आहेत. कोटंबीचा घाट आणि सावळ घाट ओलांडून पूर्वेला गेलं की नाशिकचं पेठ रोडवरचं यार्ड. उलट दिशेला, पश्चिमेकडे उतरलं की गुजरात: सुथारपाडा, कपराडा, नानापोंढा, पुढे पारडी आणि वापी. दोन्हीकडे एकच महामार्ग जातो, 848. पण किलोमागे पाच रुपयांचा फरक पडला तरी दीड टनावर साडेसात हजार होतात. पाड्यावरच्या एखाद्या घराला तेवढ्यात पावसाळ्याचं बी-खत येतं. म्हणून भाव आदल्या रात्री कळणं ही आमच्यासाठी सोय नाही, ती कमाई आहे.

पहाटे 5

उजाडता उजाडता हद्द ओलांडतो. पाटी नसती तर कळलंही नसतं. तेच सागाचे डोंगर, त्याच कौलारू घरांच्या ओळी, अंगणात तोच रचलेला पेंढा. अलीकडे कोकणा, वारली, महादेव कोळी; पलीकडे कोकणा, वारली, धोडिया. आमच्या गटातल्या निम्म्या बायकांची माहेरं तरी पलीकडची असतील.

रेघ मात्र जुनी आहे. पेठ एके काळी संस्थान होतं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते इंग्रजी मुलखात गेलं. शेजारचं धरमपूर मात्र स्वातंत्र्यापर्यंत संस्थानच राहिलं आणि 1948 मध्ये मुंबई प्रांतात आलं. म्हणजे 1948 ते 1 मे 1960 ही बारा वर्षं सोडली, तर हा घाट उतरणारा माणूस कायम एका कारभारातून दुसऱ्या कारभारात जात आलेला आहे. कारभार बदलला की कर बदलतो, वजन बदलतं, कागद बदलतो, आणि प्रत्येक बदलाला नाका लागतो.

दीर नाक्यांच्या आठवणी सांगतो. रांगेत गाडी उभी, वर ऊन चढतंय, मागे आंबा तापतोय. आंब्याला थांबणं सोसत नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि देशातल्या बहुतेक राज्यांनी विक्रीकराचे नाके उठवले. 2019 च्या नोव्हेंबरात गुजरातने आपले आरटीओचे नाकेही बंद केले. ताज्या फळांवर जीएसटी नाहीच, त्यामुळे आमच्या गाडीला आज फारसे कागद दाखवावे लागत नाहीत.

यामागची व्यवस्था मला फार मोलाची वाटते. जीएसटी परिषद म्हणजे केंद्र आणि सगळी राज्यं एका टेबलाशी. मतांच्या वजनात एक तृतीयांश केंद्राचा वाटा, दोन तृतीयांश राज्यांचा, आणि ठरावाला तीन चतुर्थांश वजन लागतं. म्हणजे केंद्र एकटं काही लादू शकत नाही आणि राज्यं केंद्राला वगळून काही करू शकत नाहीत. प्रत्येकाने आपला कर बसवायचा हक्क थोडा सोडला आणि त्या बदल्यात सगळ्यांना एक मोठा बाजार मिळाला. प्रादेशिक सहकार्य म्हणतात ते याहून वेगळं काही नसतं. व्यापाऱ्यांचे, लहान कारखानदारांचे त्यावर अनेक आक्षेप आहेत आणि त्यातले बरेच खरेही आहेत, पण या घाटात पहाटे पाचला न थांबता गाडी चालवणाऱ्या माणसाला त्या परिषदेचा अर्थ विचारावा.

कपराड्याच्या पुढे कुंभघाट लागतो. इथे बोलणं बंद. उतार तीव्र आहे, वळणं आंधळी आहेत, आणि अवजड ट्रकांचे ब्रेक निकामी होण्याचे प्रकार इथे होत आले आहेत. कपराडा हा गुजरातेतला सर्वांत जास्त पावसाचा तालुका. जूनमध्ये दरड आली की रस्ता अडतो, आणि तो अडलाय हे आम्हाला पेठमध्ये कळतं ते अडकलेल्या गाडीवाल्याच्या फोनवरून.

सकाळी 7

नानापोंढ्याच्या यार्डात वास आधी येतो, मग गर्दी दिसते. हापूस, केसर, राजापुरी, लंगडा, देशी. "आवो बेन, आवो," म्हणत दलालभाई पहिलं कॅरेट उघडतात, एक फळ नाकाशी नेतात, देठाकडे अंगठ्याने दाबतात आणि मान हलवतात. आमच्या केसरला इथे मेअखेरीस मागणी का येते, ते उंचीमुळे. वलसाडचा सपाटीवरचा आंबा आधी तयार होतो. आम्ही सह्याद्रीच्या माथ्याजवळ, त्यामुळे आमचं फळ मागाहून येतं. त्यांचा माल विरळ होऊ लागला की आमचा भरात येतो. दोन मुलखांमध्ये व्यापार होण्याला याहून सरळ कारण सापडणार नाही: एकाचं सरतं तेव्हा दुसऱ्याचं सुरू होतं.

आणि हा केसर मुळात गुजरातचाच. जुनागढच्या नवाबांनी 1934 मध्ये त्याचा केशरी गर पाहून हे नाव दिलं असं सांगतात. गिर केसरला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे मराठवाडा केसरलाही ते मिळालेलं आहे. कलमं वर आली, मुळं धरली, आता फळ खाली येतंय.

इथे भाव मणावर लागतो, आणि गुजरातच्या बाजारात मण म्हणजे वीस किलो. आमच्याकडे म्हातारी माणसं आंबा शेकड्यावर मोजतात, नाशिकला किलोवर किंवा कॅरेटवर. मी सुरुवातीला पाड्यावर भाव सांगायची तेव्हा गोंधळ व्हायचा. मणाचा आकडा ऐकून एखाद्या मावशीला वाटायचं की जुना चाळीस किलोचा मण, मग आपल्याला निम्मेच पैसे कसे? शंका रास्त होती. म्हणून गटाने वीस किलोचं कॅरेट हेच माप धरलं: एक कॅरेट म्हणजे गुजरातचा एक मण. त्या दिवसापासून पैशांवरचे वाद जवळजवळ संपले. देशादेशांच्या करारांत मापं, प्रतवारी, तपासणीचे नियम जुळवण्यावर पानंच्या पानं खर्ची पडतात, आणि वाचणाऱ्याला ती रुक्ष वाटतात. मला तीच पानं महत्त्वाची वाटतात. आयात शुल्क कमी करणं एका सहीचं काम आहे; एकमेकांच्या मापावर विश्वास बसायला वर्षं लागतात.

लिलाव उरकतो. पट्टी हातात येते: वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. मी तिथेच उभी राहून बेरीज तपासते. दलालभाई हसून थांबतात, त्यांना सवय झाली आहे.

सकाळी 8.30

यार्डाबाहेरच्या टपरीवर वांसद्याकडचे एक काका भेटतात. आम्ही कोकणीत बोलतो, ती कोकणी गोव्याची नव्हे, आमच्या डोंगरातली. त्यांची वाडी माझ्या वयाची आहे. एक एकर माळ, त्यात आंबा आणि काजूची साठेक झाडं, कडेला जळणासाठी आणि कुंपणासाठी लावलेली झुडपं, मधल्या पट्ट्यात नागली, वरई, उडीद. झाडं फळाला येईपर्यंत ही मधली पिकं घर चालवतात.

ही वाडीची पद्धत या सीमेवरून कशी आली-गेली ते सांगावंसं वाटतं, कारण आमच्या मुलखातलं सहकार्याचं सर्वांत मोठं उदाहरण तेच आहे. मणिभाई देसाई सुरत जिल्ह्यातले. 1946 मध्ये गांधीजींबरोबर ते पुण्याजवळच्या उरुळी कांचनला आले आणि तिथलेच झाले. 1967 मध्ये त्यांनी बायफ ही संस्था उभी केली. त्याच संस्थेने 1982 मध्ये वांसद्याच्या आदिवासी गावांत वाडीचा प्रयोग सुरू केला. गुजरातचा माणूस महाराष्ट्रात आला, त्याने महाराष्ट्रात घडवलेली संस्था गुजरातच्या डोंगरात गेली, तिथे जे उगवलं ते नाबार्डच्या आणि जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या मदतीने धरमपूर-डांगात पसरलं, आणि 2000 च्या सुमारास तीच पद्धत नाशिक-ठाण्याच्या आदिवासी तालुक्यांत आली. नाबार्डने पुढे ती देशभरच्या आदिवासी विकास निधीत घेतली. वाडीवाल्यांच्या सहकारी संस्थांनी 2004 मध्ये एकत्र येऊन वसुंधरा अ‍ॅग्री-हॉर्टी प्रोड्युसर कंपनी काढली. तिची सभासद-मंडळी एका राज्याची नाहीत, आणि 'वृंदावन' या नावाने तिचा काजू, लोणचं, गर विकला जातो.

यात कुठेही राज्याच्या हद्दीने आड येऊन काही थांबवलं नाही. याचं कारण मला असं दिसतं की माहिती माणसांबरोबर चालत गेली. वांसद्याच्या शेतकऱ्यांच्या वाड्या बघायला आमच्याकडची माणसं गेली, झाडं बघून आली, मग खड्डे खणले. ज्याने आधी केलंय त्याने नंतर करणाऱ्याला आधीच सांगितलं की पहिली चार वर्षं कठीण आहेत, उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी घालावं लागेल, आणि तरीही करा.

काका निघताना त्यांच्याकडची खबर देतात: फळमाशी यंदा लवकर दिसली, सापळे आजच लावा.

दुपारी 12.30

पेठला परत. बँकेत गर्दी आहे. दलालाकडून पैसे गटाच्या खात्यात येतात आणि तिथून सभासदांच्या खात्यांत वळते करायचे असतात. पूर्वी झाडं उक्ती जायची. मोहोर दिसला की व्यापारी यायचा, घरात लग्न किंवा आजारपण असायचंच, तो रोख द्यायचा आणि झाडावरचं सगळं फळ त्याचं व्हायचं. किती आंबा निघाला, कुठे विकला, काय भाव आला, हे मालकाला कधीच कळायचं नाही. आता रक्कम खात्यात पडते, त्यामुळे उक्त्याने देणारी घरं कमी झाली. पण खात्यातले पैसे काढायला पाड्यावरच्या माणसाला तालुक्याला यावं लागतं, दिवसाची मजुरी बुडवून.

इथे मला पश्चिम विभागीय परिषद आठवते. नाव कानावरून जातं, पण ती काय करते ते फार थोड्यांना माहीत असतं. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने देशात पाच विभागीय परिषदा स्थापन झाल्या. आपल्या परिषदेत महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दादरा नगर हवेली व दमण-दीव. केंद्रीय गृहमंत्री अध्यक्ष. अलीकडच्या बैठका 2022 मध्ये दीवला, 2023 मध्ये गांधीनगरला आणि 22 फेब्रुवारी 2025 ला पुण्याला झाल्या. प्रत्येक गावापासून पाच किलोमीटरच्या आत बँकेची सोय हा विषय तिथे वारंवार येतो. तो यावा आणि तडीस जावा, एवढी माझी मनापासून इच्छा आहे. या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक बाईचा दिवस त्यावर अवलंबून आहे.

पण त्या परिषदेच्या चार भागीदारांपैकी तिघांना जोडणारा पट्टा हाच आहे. पेठ, सुरगाणा, हरसूल, पलीकडे कपराडा आणि धरमपूर, खाली सिल्वासा. आमची मुलं सिल्वासाच्या आणि वापीच्या कारखान्यांत कामाला जातात, आंबा नानापोंढ्याला जातो, पावसाचं पाणी पार आणि दमणगंगेतून तिकडेच वाहत जातं. या पट्ट्याचा बाजार, रस्ता, मजूर हा स्वतंत्र विषय म्हणून त्या टेबलावर यायला हवा.

पाण्याचा विषय तर आलाच. 3 मे 2010 ला केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात नदीजोड प्रकल्पांचा करार झाला: दमणगंगा-पिंजाळ आणि पार-तापी-नर्मदा. दुसऱ्यात जी धरणं योजली होती त्यातलं झरीचं आपल्या नाशिक जिल्ह्यात, बाकीची गुजरातेत. दोन राज्यांनी एकत्र बसून केलेला करार, म्हणजे कागदावर सहकार्यच. पण ज्यांची गावं बुडणार होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं. 2022 च्या अर्थसंकल्पात या प्रकल्पांचा उल्लेख आला आणि धरमपूर-कपराड्याच्या बाजूला हजारो माणसं रस्त्यावर उतरली. शेवटी त्याच वर्षी मे महिन्यात गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी पार-तापी-नर्मदा प्रकल्प रद्द करत असल्याचं जाहीर केलं. दोन सरकारं एकमेकांशी बोलली आणि माणसांशी बोलली नाहीत, त्यात एका तपाचा काळ गेला.

दुपारी 3

पडवीत फळांची निवड चालू आहे. सकाळी झेल्याने उतरवलेला आंबा, देठ राखून तोडलेला, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. बायका टबातल्या पाण्यात एकेक फळ सोडतात. तळाशी गेलं ते पक्व, तरंगलं ते अजून कोवळं. मग आकार, डाग, फळमाशीचं बारीक भोक. सर्वांत चांगलं फळ एका बाजूला, कारण नाशिकच्या एका निर्यातदाराचा माणूस नमुना बघायला येणार आहे.

या भोकाची गोष्ट मी नव्या मुलींना नेहमी सांगते. फळमाशीसारख्या किडी सापडल्या म्हणून युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंबा बंद केला होता. आपल्याकडे तपासणी आणि प्रक्रिया सुधारली, त्यांचं पथक येऊन बघून गेलं, आणि 2015 च्या जानेवारीत बंदी उठवायचं ठरलं. अमेरिकेने तर कितीतरी वर्षं आपला आंबा घेतला नव्हता. 2006 मध्ये दोन देशांत बोलणी झाली आणि 2007 च्या एप्रिलमध्ये पहिला हप्ता गेला, तो आपल्या लासलगावहून. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे उभारलेलं विकिरण केंद्र आंब्यातली कीड निष्प्रभ करायला कामाला आलं. म्हणजे पेठहून दिवसभराच्या वाटेवर असं एक ठिकाण आहे, जिथून आंबा थेट अमेरिकेच्या दुकानात पोचू शकतो. अट एवढीच की त्या देशाने आपली अट आधी स्पष्ट सांगायची आणि आपण ती पाळून दाखवायची. जागतिक व्यापार संघटनेच्या 1995 च्या करारात हेच कलम आहे: किडीच्या, रोगाच्या नावाने नवा नियम करणार असाल तर तो आधी इतरांना कळवा, त्यांना म्हणणं मांडायला वेळ द्या, आणि त्याला शास्त्राचा आधार असू द्या.

निर्यातदाराचा माणूस येतो, नमुना बघतो, बागेची नोंदणी विचारतो. आमच्या सगळ्या वाड्यांची नोंदणी अजून झालेली नाही. झालेल्यांचा माल तो घेणार. उरलेल्यांची यादी मी त्याच्यासमोरच करते, म्हणजे पुढच्या हंगामाआधी कृषी कार्यालयात काय काय न्यायचं ते तो सांगतो.

संध्याकाळी 6

ऊन उतरलं की पाड्यावर हिशेब वाटायला जाते. आता सगळे घरी आहेत. दिवाळीनंतर इथली घरं रिकामी होतात. माणसं गिरणारे, दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर जातात. गिरणाऱ्याच्या नाक्यावर सकाळी मजुरांची गर्दी उभी राहते त्यात पेठ, हरसूलची माणसं मोठ्या संख्येने असतात. छाटणी, डिपिंग, विरळणी, खुडा. मार्च-एप्रिलपर्यंत हेच. मग परत येऊन राब भाजायचा, आंबा उतरवायचा, भाताची, नागलीची तयारी करायची.

एक मावशी सांगते, यंदा खुड्याचे दिवस कमी भरले, बागवाला म्हणाला बांगलादेशचा माल उचलला जात नाही. तिला बांगलादेश कुठे आहे ते ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. पण तिची मजुरी तिथल्या आयात शुल्काला बांधलेली आहे. नाशिकच्या द्राक्षांचं बांगलादेश हे मोठं गिऱ्हाईक, आणि त्या देशाने द्राक्षांवरचं शुल्क गेल्या काही वर्षांत वाढवत नेलं. दोन्ही देश सार्कचे सभासद, 1985 मध्ये सार्कची सनद ढाक्यातच झाली. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार 2006 पासून लागू आहे. तरीही या टापूतल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. आग्नेय आशियातल्या आसियान देशांत तो पाचव्या हिश्श्याहून जास्त आहे. सार्कची शिखर परिषद 2014 मध्ये काठमांडूला झाली त्यानंतर झालेलीच नाही. बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचं बिम्सटेक 1997 पासून आहे, मुक्त व्यापाराचा आराखडा 2004 चा आहे, करार अजून बाकी आहे.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. 2019 च्या सप्टेंबरात आपण कांद्याची निर्यात एका दिवसात बंद केली. पुढच्याच आठवड्यात दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी जाहीरपणे बोलून दाखवलं की निदान आधी सांगायला हवं होतं. 2020 मध्ये पुन्हा बंदी. 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी, ती उठली मे 2024 मध्ये. प्रत्येक वेळी लासलगावचा भाव कोसळला आणि तिकडे ढाक्यात, कोलंबोत कांदा महागला. बंदीची कारणं असतील, मी ती नाकारत नाही. इथल्या गिऱ्हाइकाचाही विचार करावाच लागतो. पण जे शेजारी वर्षानुवर्षं आपल्या कांद्यावर फोडणी देत आले त्यांना दोन आठवडे आधी कळवलं असतं तर त्यांनी दुसरीकडे कायमची तजवीज करण्याआधी थोडा दम धरला असता. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाला लागलं की परत आणणं अवघड, हे नानापोंढ्याचा कुठलाही दलाल सांगेल.

भारत आणि बांगलादेश याच दोन देशांनी एक फार चांगली गोष्टही केली आहे. 2011 च्या जुलैमध्ये मेघालयातल्या गारो टेकड्यांच्या पायथ्याशी, कलाईचर इथे, त्यांनी सीमेवरचा हाट सुरू केला. रेघेवरच बाजार. आसपासच्या गावांतल्या माणसांनी आपला भाजीपाला, फळं, मसाले आणायचे, दोन्हीकडचं चलन चालतं, शुल्क नाही. पुढे त्रिपुरातही असे हाट निघाले. गारो डोंगरातली माणसं आणि आम्ही एकसारखीच: आधी नाती होती, मग रेघ आली. त्यांना आपसात भाजी विकायला दोन देशांची परवानगी लागली आणि ती मिळाली. आम्ही तर एकाच देशातले.

मावशीच्या हातात पट्टीची प्रत देते. ती वाचत नाही, तिची नात वाचते, मणाला किती, कॅरेट किती, हमाली किती. नात बरोबर बेरीज करते.

रात्री 8.30

जेवण झाल्यावर अर्ज लिहायला बसते. विभागीय परिषदेसमोर विषय असेच जात नाहीत. राज्यांनी ते पाठवायचे, मुख्य सचिवांच्या स्थायी समितीने आधी चाळायचे, मग परिषदेपुढे ठेवायचे. म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने, त्यांनी तो राज्याकडे पाठवावा अशी विनंती.

मागण्या थोड्या ठेवल्या आहेत. पहिली: सीमेच्या दोन्ही बाजूंच्या यार्डांमधली आंब्याची आवक आणि भाव दोन्ही राज्यांच्या पणन यंत्रणांनी रोज संध्याकाळी एकमेकांना द्यावेत आणि वीस किलोच्या मापात मराठी-गुजराती दोन्ही भाषांत जाहीर करावेत. आज हे काम एका दलालभाईंच्या सज्जनपणावर चाललं आहे. व्यवस्था सज्जनपणावर सोडू नये. दुसरी: कुंभघाट किंवा सावळ घाट बंद झाला तर दोन्ही जिल्ह्यांनी तासाभरात एकमेकांना आणि बाजार समित्यांना कळवावं. तिसरी: पेठ, धरमपूर, कपराडा यांच्यासाठी मिळून एक पिकवण केंद्र आणि प्रतवारीची सोय, म्हणजे तयार माल आठवडाभर धरता येईल. चौथी थोडी लांब झाली: धरण, बंदर, महामार्ग, जे काही दोन राज्यं मिळून ठरवतील, ते सही करण्याआधी ग्रामसभांपुढे ठेवावं. हे दोन्हीकडचे तालुके अनुसूचित क्षेत्रातले आहेत, ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा आहे, महाराष्ट्राचे नियम 2014 चे, गुजरातचे 2017 चे. मागणी नवी नाही, कायद्यातलीच आहे.

मसुदा दिराला वाचून दाखवते. तो अंगणात टायरची हवा बघत असतो. सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "वहिनी, घाटाचं वर घ्या. भाव कळला आणि रस्ता बंद असला तर काय करायचं?"

बरोबर आहे. दुसरी मागणी मी पहिली करते आणि अर्ज पुन्हा नव्याने लिहायला घेते.